करार व्हिएतनामी भाषेत होता

सांगलीतील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी चार वर्षे तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवले. एम.ए., बी.एड. होऊनही मानधन वर्षातून दोन-तीनदा, तेही तुकड्यातुकड्याने मिळत असे. अशा स्थितीत २०२४ च्या जानेवारीत विश्रामबाग भागातील एका परदेश मार्गदर्शन कार्यालयात मी गेले. तेथे काय घडले ते तपशिलाने लिहीत आहे, कारण माझ्यानंतरही आमच्या भागातील काही मुलींनी तेथे पैसे भरल्याचे मला समजले आहे.

व्हिएतनाममधील हाय फाँग शहरात इंग्रजी शिक्षिकेची नोकरी, महिना १,२०० डॉलर पगार आणि राहण्याची सोय, असे मला सांगण्यात आले. तिथली भाषा येत नाही ही माझी मुख्य शंका होती. त्यावर कार्यालयातील गृहस्थ म्हणाले, "मॅडम, भाषा येत नाही हीच तुमची जमेची बाजू आहे. मुलांना तुमच्याशी इंग्रजीतच बोलावे लागेल." वर्गापुरते हे खरेही आहे, लहान मुलांना हावभाव, चित्रे आणि गाणी यांच्या आधारे शिकवता येते. परंतु नोकरी केवळ वर्गात नसते, ती कागदावरही असते, आणि तो कागद वाचता येणार नाही याचा विचार मी केला नाही.

एकूण १,८५,००० रुपये मी तीन टप्प्यांत भरले. त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले आणि मामा जामीनदार राहिले. पावतीवर 'समुपदेशन व प्रशिक्षण शुल्क' असे छापलेले होते. नोकरी लावून देण्याचे पैसे घेतल्याचा लेखी पुरावा राहू नये यासाठी हे शब्द वापरले जातात, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. भिंतीवर काचेच्या चौकटीत शॉप ॲक्टचा दाखला लावला होता आणि मी त्यालाच परवाना समजले. प्रत्यक्षात भारतीयांना परदेशी नोकरीसाठी पाठवणाऱ्या एजंटाने १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार केंद्र सरकारकडे नोंदणी केलेली असावी लागते, आणि त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मी नोंदणीबद्दल एकदा विचारले होते. तेव्हा, तुमचा पासपोर्ट ईसीएनआर (नोकरीसाठी परदेशी जाताना सरकारची उत्प्रवास मंजुरी न लागणारा) आहे, पदवीधरांना तो नियम लागू नाही, असे उत्तर मिळाले. पदवीधराला सूट असते ती उत्प्रवास मंजुरी घेण्यापासून. एजंटाची नोंदणी त्यामुळे माफ होत नाही.

व्हिसा हाती आला तेव्हा त्यावर 'डीएल' ही अक्षरे होती. व्हिएतनाममध्ये 'डीएल' म्हणजे पर्यटक व्हिसा. पर्यटनासाठीचा नव्वद दिवसांचा ई-व्हिसा एकदाच प्रवेश करायचा असल्यास २५ डॉलरना, म्हणजे सुमारे दोन हजार रुपयांत, घरबसल्या मिळतो. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. तेथे गेल्यावर शाळा तो बदलून घेते, असे मला सांगितले गेले. कामाच्या परवान्यासाठी अर्ज शाळेलाच करावा लागतो हे खरे आहे. पण त्यासाठी माझ्या शिवाजी विद्यापीठाच्या पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन आणि नंतर व्हिएतनामच्या दूतावासाची मोहर आवश्यक होती. या कामाचे पैसे माझ्याकडून वेगळे घेतले होते. परत मिळालेल्या प्रतीवर मात्र फक्त स्थानिक नोटरीचा गोल शिक्का होता.

हाय फाँगला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी जेथे शिकवणार होते त्या केंद्राच्या संचालिकेने कराराच्या इंग्रजी आणि व्हिएतनामी अशा दोन प्रती समोर ठेवल्या. मजकूर एकच आहे, असे त्या म्हणाल्या. इंग्रजी प्रत सांगलीतच वाचली होती, म्हणून मी दोन्हींवर सही केली. पहिला महिना संपल्यावर मिळालेली रक्कम ठरलेल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याएवढीही नव्हती. मी विचारायला गेले तेव्हा, आदल्या दिवसापर्यंत माझ्याशी अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या त्या बाई केवळ व्हिएतनामीत बोलत राहिल्या, आणि मला त्यातले 'नाही' एवढेच कळत होते.

त्या संध्याकाळी वर्गातील मदतनीस मुलीने दार लावून घेतले आणि आपला मोबाइल माझ्या व्हिएतनामी प्रतीवर धरला. पडद्यावर ओळी एकेक करून इंग्रजीत बदलत गेल्या. इंग्रजी प्रतीत जेथे 'शिक्षिका' होते तेथे 'स्वयंसेवक' आले, 'पगारा'च्या जागी 'भत्ता' आला. शेवटच्या कलमावर तिने बोट ठेवले: दोन प्रतींत फरक आढळल्यास व्हिएतनामी प्रत ग्राह्य धरली जाईल. ती काही बोलली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. तिची नोकरीही त्याच बाईंच्या हातात होती, हे आठवले की आजही माझे मन भरून येते.

तक्रार करावी तर मी स्वतःच पर्यटक व्हिसावर काम करत होते, आणि या भीतीवरच हा सगळा व्यवहार उभा होता. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी आईने पाठवलेल्या पैशांतून तिकीट काढून मी परत आले. विश्रामबागमधील कार्यालयात मला तीच पावती दाखवण्यात आली: समुपदेशन केले, प्रशिक्षण दिले, नोकरीचे आश्वासन कोठे लिहिले आहे?

ते लिहिलेले होते, पण व्हॉट्सॲपवर. पगाराचा आकडा, "वर्क व्हिसा पक्का" हे शब्द आणि पैसे ज्या खासगी व्यक्तीच्या खात्यावर मागितले ते संदेश मी जपून ठेवले होते. त्यांच्या प्रती बँकेच्या उताऱ्यासह पोलिसांकडे दिल्या असून चौकशी सुरू आहे. मामांच्या जामिनावरील कर्जाचे अकरा हप्ते अजून बाकी आहेत. ज्यांनी याच भागात अशा कामासाठी पैसे भरले आहेत, त्यांनी ते संदेश पुसू नयेत, आणि ज्यांना परदेशी भाषेतील करार मिळाला आहे, त्यांनी तो सही करण्यापूर्वी करार देणाऱ्यांशी संबंध नसलेल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्यावा.