सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा संच: भिंतीवर लावण्यासाठी नव्हे, खेळण्यासाठी

सावंतवाडीच्या राजवाड्यातून दशावतारी गंजिफांचा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांच्या गोल पत्त्यांचा, हाताने रंगवलेला संच घेऊन मला आता वर्ष होत आले. या वर्षात तो काचेच्या कपाटात ठेवला नाही, तर महिन्यातून दोनतीनदा चादरीवर पसरून खेळलो. त्यामुळे हा अभिप्राय शोभेच्या वस्तूबद्दल नसून खेळाच्या साधनाबद्दल आहे, हे आधीच सांगते.

खरे तर गंजिफांशी माझी पहिली ओळख फार निराशेची झाली. शहरातल्या एका भेटवस्तूंच्या दुकानातून मी छापील गंजिफांचा एक संच घेतला होता. त्यातली चित्रे इतकी बारीक आणि इतकी एकसारखी होती की सत्ती आहे की अठ्ठी, हे कळण्यासाठी प्रत्येक वेळी बोटाने मोजावे लागे. सोबत नियमांचा जो कागद होता त्यात पानांची उतरंड सगळ्या रंगांत एकच दिली होती. तसे धरून आम्ही दोन डाव खेळलो, डावाला काही चव येईना, आणि हा खेळ मागे पडला तो उगीच नाही असा समज करून आम्ही तो डबा माळ्यावर टाकला. पहिल्याच पावसाळ्यात पानांवरचा मुलामा सुटला.

मोती तलावाच्या काठावरचा राजवाडा पाहायला गेले तेव्हा हा समज मनात होताच. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून काम करतात आणि पाहुण्यांना ते जवळून पाहता येते. एक कारागीर पानाची कड रंगवत होते. ते वर्तुळ इतके नेमके कसे येते हे मला उमगेना, म्हणून मी वाकून पाहिले. कुंचल्याचा हात मांडीला टेकवून अगदी स्थिर ठेवलेला होता, आणि डाव्या हाताची बोटे ते गोल पान हळूहळू फिरवत होती. विचारल्यावर ते मान वर न करता म्हणाले, “ताई, कुंचलो हलवचो नाय, पान फिरवचा.” मग त्यांनी हातातले काम थांबवून मला एकेक रंग समोर मांडून दाखवला. नियमांच्या कागदावर जे पाच वेळा वाचूनही समजले नव्हते, ते त्या अर्ध्या तासात समजले.

दशावतारी संचात १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू, अशा खुणा मोजायच्या. खेळाची खरी गोम मात्र उतरंडीत आहे. पाच रंगांत राजा आणि प्रधान यांच्यानंतर दश्शी सर्वांत मोठी आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या पाच रंगांत हा क्रम उलटा होऊन एक्का वर चढतो आणि दश्शी तळाला जाते. माझ्या छापील संचाने नेमकी हीच गोष्ट गाळली होती. तिघे खेळतात, प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात, आणि तुरुप हा प्रकारच नाही. त्यामुळे कोणत्या रंगाचे कोणते पान येऊन गेले हे ध्यानात ठेवणे, एवढ्यावरच हारजीत ठरते. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने उतारी, म्हणजे पहिली खेळी, करायची आणि रात्री बसलात तर कृष्णाचा राजा असणाऱ्याने.

ही विद्या आज सावंतवाडीत हाताळायला मिळते ती काही माणसांच्या वेडामुळे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या, १४४ पानांच्या संचाचे वर्णन अबुल फजलने केले आहे. इतका मान मिळालेला खेळ स्वस्त, छापील, बावन्न पानांच्या कॅटपुढे मागे पडत गेला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीतही तो रंगवणारे हात जवळजवळ उरले नव्हते. तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांना गाठले. सत्वशीलादेवींनी त्यांच्याकडून हे काम स्वतः शिकून घेतले आणि पुढे राजवाड्यातच तरुणांना हाताशी धरून शिकवले. बडोद्याच्या गायकवाड घराण्यात जन्मलेल्या राणीने चिताऱ्याकडे बसून कुंचला धरायला शिकावे, ही गोष्ट मला या संचातल्या सोनेरी रेघांपेक्षा मोलाची वाटते. याच काळात मुंबईत अनेक वर्षे राहिलेले, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ आणि आवडीने कलासमीक्षक असलेले रूडॉल्फ फॉन लायडन देशभरातून जुन्या गंजिफा जमवून त्यांचा अभ्यास करत होते. त्या अभ्यासाचे फळ म्हणून १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय गंजिफांचे प्रदर्शन भरले. सत्वशीलादेवी काय आणि लायडन काय, दोघांनाही कोणी हे काम सांगितले नव्हते.

आता प्रत्यक्ष संचाविषयी. पाने जाड, गोल आणि हाताला गुळगुळीत लागतात. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, रंगवून वर लाखेचा हात देत. आता बहुधा कागद वापरतात, पण पान बोटांत धरल्यावर येणारा तो किंचित टणकपणा कायम आहे. प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, वेगळी असल्यामुळे हातातल्या पानांची वाटणी डोळे आपोआप करतात. माझ्या संचातला मत्स्याचा राजा मी पुन्हा पुन्हा पाहते. महिरपीखाली माशाच्या उघड्या जबड्यातून कमरेपासून वर आलेला चार हातांचा देव, आणि त्याच्या डोळ्याची बाहुली एका ठिपक्याची. तो ठिपका किंचित उजवीकडे पडला आहे, त्यामुळे देव बाजूच्या सेवकाकडे पाहतो आहे असे वाटते. दुसऱ्या कोणत्याही संचात तो तसा नसणार.

खेळताना काही अडचणी येतात, त्याही सांगितल्या पाहिजेत. ही पाने नेहमीच्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवावी लागतात, आणि टेबलावर हे जमत नाही, खाली बसावेच लागते. चाळीस गोल पाने एका हातात मावत नाहीत, म्हणून आम्ही हातात दोनतीन रंगच धरतो आणि बाकीचे मांडीशी पालथे ठेवतो. हात कोरडे हवेत, खाण्याच्या बशा लांब हव्यात. किंमत काही हजारांत जाते, छापील संचाच्या कित्येक पट. पण १२० पाने एकेक करून रंगवायला किती दिवस जातात हे पाहिल्यावर ती मला जास्त वाटली नाही. तेवढे पैसे खर्चायचे नसतील तर गंजिफांची चित्रे असलेल्या लहानसहान वस्तूही तिथे मिळतात. त्या सुंदर आहेत, तरी माझा आग्रह असा की दोघातिघांनी मिळून एक पूर्ण संच घ्यावा. घेताना कारागिरांजवळ थोडा वेळ बसावे आणि कोणत्या पाच रंगांत एक्का मोठा हे विचारून लिहून आणावे.

गेल्या मे महिन्यात माझी आत्या आणि चुलतभाऊ आले असताना आम्ही दुपारी चार वाजता डाव मांडला. रामाचा राजा आत्याकडे होता, उतारी तिची. तो डाव संपून पाने मोजेपर्यंत सात वाजले आणि आईने देवापाशी दिवा लावला. दुसऱ्या डावासाठी पाने वाटल्यावर रामाचा राजा पुन्हा आत्याकडेच गेला होता, आणि अंगणात अजून उजेड आहे, म्हणून उतारी आपलीच, असे तिचे म्हणणे पडले. कृष्णाचा राजा माझ्याकडे होता. आम्ही तिघे उठून अंगणात गेलो आणि तांबूस आभाळाकडे पाहत बराच वेळ उभे राहिलो.