ईडीके२ मधील ६४ बिट डीएमए: ड्रायव्हर भक्कम, निदान तोकडे

टियानोकोर प्रकल्पाच्या ईडीके२ या मुक्त स्रोत फर्मवेअर (यंत्र सुरू करणारी मूळ प्रणाली) संचात ४ जीबीच्या वरच्या मेमरीत उपकरणांना प्रोसेसरच्या मध्यस्थीविना थेट वाचू-लिहू देण्याची, म्हणजे डीएमएची, जी सोय आहे, तिच्याविषयी माझे मत अनुकूल आहे. मात्र ती प्रत्यक्षात चालू आहे की नाही हे कळण्याची व्यवस्था मला तोकडी वाटते.

ड्रायव्हरने पीसीआय-आयओ प्रोटोकॉलमधून, म्हणजे पीसीआय उपकरणांशी बोलण्याच्या ठरलेल्या दुव्यातून, ‘ड्युअल अ‍ॅड्रेस सायकल’ हा गुणधर्म चालू केला, की त्या उपकरणाला ६४ बिटचे पत्ते झेपतात असे खालच्या थराला समजते. तो चालू केला नाही आणि बफर (डेटा ठेवण्याची मेमरीतली जागा) ४ जीबीच्या वर असला, तर खाली दुसरा बफर घेऊन डेटाची नक्कल केली जाते, ज्याला बाउन्स बफर म्हणतात. ४ जीबीच्या खाली भरपूर मेमरी असलेल्या यंत्रावर त्यामुळे फक्त वेळ जातो. पण काही ६४ बिट आर्म यंत्रांवर ४ जीबीच्या खाली मेमरीच नसते, आणि तिथे नक्कल करायला जागाच उरत नाही.

वेगवान एसएसडीसाठीच्या एनव्हीएमईचे पत्ते मुळातच ६४ बिटचे असल्याने तिथे फारसे परीक्षण करण्याजोगे काही नाही. साटा डिस्कसाठीचा एएचसीआय ड्रायव्हर कंट्रोलरच्या क्षमता रजिस्टरचा ३१ वा बिट पाहूनच पुढे जातो, हेही अपेक्षितच. खरी कसोटी ईएचसीआयची, म्हणजे यूएसबी २.० कंट्रोलरची आहे. तिथे यूएसबी व्यवहारांच्या वेळापत्रकाच्या रचनांमधले दुवे ३२ बिटचेच असतात आणि वरचे ३२ बिट सगळ्यांसाठी एकाच रजिस्टरमधून येतात, त्यामुळे त्या सर्व रचना ४ जीबीच्या एकाच पट्ट्यात असाव्या लागतात. ईडीके२ चा मेमरी पूल प्रत्येक नवा तुकडा घेताना ही अट तपासतो आणि न बसणारा तुकडा नाकारतो. अशी काळजी घेतलेली पाहून बरे वाटले.

मेमरी कार्डांसाठीचा एसडी-एमएमसी ड्रायव्हरही तितकाच नेटका आहे. एडीएमए वर्णनकर्ता (डेटा मेमरीत कुठे आहे हे कंट्रोलरला सांगणारी नोंद) ३२ बिटसाठी ८ बाइटचा, एसडी कंट्रोलर मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीच्या ६४ बिटसाठी १२ बाइटचा आणि चौथ्या आवृत्तीत १६ बाइटचा असतो. ड्रायव्हर या तिन्हींसाठी वेगळ्या रचना बाळगतो. गुणधर्म संपूर्ण कंट्रोलरला लागू होत असल्यामुळे सर्व स्लॉट सक्षम असतील तरच तो चालू होतो, म्हणजे एक जुना स्लॉट बाकीच्यांनाही मागे ओढतो. तरीही ही सावधगिरी मला योग्य वाटते.

तक्रार आहे ती अपयशाच्या हाताळणीविषयी. गुणधर्म चालू करता आला नाही, तर ड्रायव्हर डीबग नोंदीत एक इशारा लिहून तसाच पुढे जातो, आणि रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे वापरासाठी दिल्या जाणाऱ्या आवृत्तीत, अशा नोंदी सहसा काढून टाकलेल्या असतात. शिवाय अंतिम निर्णय ड्रायव्हरच्या हाती नाहीच: प्लॅटफॉर्मच्या होस्ट ब्रिज लायब्ररीने (पीसीआयला यंत्राशी जोडणाऱ्या पुलाची माहिती देणाऱ्या कोडने) ‘डीएमए-अबव्ह-४जी’ हे मूल्य खोटे ठेवले, तर ड्रायव्हरने सगळे बिनचूक करूनही नक्कल गुपचूप सुरूच राहते. कॉमन बफरची (प्रोसेसर आणि उपकरण दोघेही एकाच वेळी वापरतात त्या जागेची) अशी नक्कल करता येत नसल्यामुळे तिथे निदान स्पष्ट त्रुटी परत मिळते. वाचन-लेखनाच्या साध्या व्यवहारात मात्र मंदावलेल्या वेगाखेरीज कसलाच पुरावा हाती लागत नाही. नक्कल झालेल्या बाइटची साधी मोजदाद जरी ठेवली असती, तरी शोध सोपा झाला असता.

नवा प्लॅटफॉर्म उभा करणाऱ्याने हा संच निःशंकपणे घ्यावा, पण ड्रायव्हरच्या कोडमध्ये शिरण्याआधी होस्ट ब्रिज लायब्ररीतले ते एक मूल्य तपासावे.