दारात काथ्या, दिवाणखान्यात ताग

घरासाठी नैसर्गिक धाग्याचा गालिचा घ्यायचा म्हटलं की काथ्या आणि ताग ही दोन नावं पुढे येतात. दोन्ही मातीत मिसळून जाणारे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

काथ्या नारळाच्या सोडणातून निघतो. खोबऱ्यासाठी नारळ फोडला की सोडण उरतंच, म्हणजे त्यासाठी वेगळं पीक घ्यावं लागत नाही. या धाग्यात लिग्निनचं, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकाचं, प्रमाण बरंच जास्त असतं, त्यामुळे तो कडक राहतो आणि ओलाव्याने लवकर कुजत नाही. चपलांची माती खरवडून काढायला याच्यासारखं काही नाही. व्हरांडा, जिना, झाकलेली बाल्कनी या त्याच्या जागा. मात्र रांगत्या बाळाच्या गुडघ्यांना तो टोचतो.

ताग मुख्यतः बंगालचा. साधारण चार महिन्यांत पीक तयार होतं. स्पर्श मऊ, रंग सोनेरी. बैठकीच्या खोलीत मी तागच निवडेन. पण ओला झाला की तो कमकुवत होतो आणि बुरशी धरतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तो बाल्कनीत टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तळमजल्यावर ओल येणारी फरशी असेल, तर घरातही जपूनच.

विकत घेताना गालिचा उलटा करून बघाच. काथ्याच्या बऱ्याच पायपुसण्यांना खाली पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा थर असतो, आणि तो मातीत मिसळत नाही. नुसतं विणलेलं किंवा खाली नैसर्गिक रबर असलेलं मागा. दोन्ही धुवू नका. झटका, उन्हात घाला.