दोनशे लिटरच्या सोलारवर तिसरी न्हाणी: जून ते जानेवारीचा अनुभव

गच्चीवर 20 नळ्यांचा 200 लिटरचा सोलार, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा बंब, त्यावर माडीवरच्या दोन न्हाण्या आधीपासून. जूनमध्ये तळमजल्याच्या मागच्या न्हाणीला फाटा जोडला. गरम पाणी पुरतं का, हे सगळे आधी विचारतात. पुरतं. टाकीत 60 अंशांचं पाणी असेल तर 20 लिटरच्या बादलीला त्यातलं 10 लिटरच लागतं. अडतं ते पायपात.

फाटा 14 मीटरचा, सीपीव्हीसी म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचा. पाऊण इंची पायपात मीटरमागे पाव लिटर पाणी थांबतं. म्हणजे रोज सकाळी साडेतीन लिटर गार पाणी आधी सोडावं लागलं असतं. अर्धा इंची घेतला, ते निम्म्यावर आलं. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत सहाएक मीटर उतार मिळतो, म्हणून अर्धा इंचीतूनही मिनिट-दीड मिनिटात 10 लिटर येतं. माडीवर मात्र हे करू नका; तिथे उतार कमी, धार बारीक होते.

सामान असं: तीन मीटरच्या पाच लांबी, पाऊण इंचीतून अर्धा इंची फाटा काढणारा रिड्यूसर टी, सहा एल्बो (वळणाचे जोड), पितळी बॉल व्हॉल्व्ह, पाणी गार होऊ नये म्हणून पायपावर चढवायचा 13 मिमी नायट्रिल फोम. उघड्यावरच्या फोमवर ॲल्युमिनियम टेप हवाच, नाहीतर उन्हानं त्याचा भुगा होतो. जोड चिकटवायचं सोल्युशन सीपीव्हीसीचंच घ्यावं. साध्या पीव्हीसीचं लावलं तर गरम पाण्यानं जोड सुटतात. क्लॅम्प आवळून टाकू नयेत. 40 अंशांच्या फरकानं 10 मीटर पाईप अडीच सेंटीमीटर वाढतो.

पहिली चूक कठड्यावर झाली. पाईप कठड्यावरून चढवून खाली उतरवला होता. त्या उंचवट्यावर हवा अडकायची आणि नळ नुसता फुसफुसायचा. कठड्याला तळाशी भोक पाडून पाईप सलग उतरता नेला, तेव्हापासून एकदाही अडला नाही.

दुसरी अडचण ओळखायला महिना गेला. माडीवरचं पाणी सकाळी अचानक कोमट, आणि सोलारच्या व्हेंट पाईपमधून (टाकीतली हवा-वाफ जाण्याच्या उघड्या नळीतून) पाणी ओघळतंय. कारण नव्या न्हाणीतला मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र सोडणारा नळ. गार लाईनवर प्रेशर पंप आहे. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे राहिले की गार पाणी गरम लाईनमध्ये शिरून थेट टाकीपर्यंत चढतं. मिक्सरच्या गरम बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवल्यावर ते बंद झालं. तो आत झुलती पाकळी असलेला घ्या, स्प्रिंगचा नको. उताराच्या कमी दाबात स्प्रिंगमुळे धार बारीक होते. पाकळीचा आडव्या पायपात, बाण पाण्याच्या दिशेनं.

जुलै-ऑगस्टात बेळगाव-खानापूरकडे ऊन दिसणं मुश्कील. तेव्हा टाकीतली 2 किलोवॅटची विजेची कॉइल पहाटे लावायची. 100 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साडेतीन युनिट, पावणेदोन तास. संध्याकाळी लावली तर रात्रीच्या वापरात आत आलेलं गार पाणी सगळं बिघडवतं. डिसेंबर-जानेवारीत ऊन स्वच्छ होतं, कॉइलला हात लावावा लागला नाही.

बोअरचं पाणी असेल तर सहा महिन्यांनी सोलारचा ड्रेन (गाळ काढायचं तोंड) उघडाच. इथे जानेवारीत पांढरा चुनखडीचा गाळ निघाला. हे काम पहाटे उरकावं. भर दुपारी रिकाम्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडलं तर त्या तडकतात.