लेक्चर गावात नेटवर बघावं की कॉलेजातून भरून आणावं?

स्वयम, एनपीटेल या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी साइटवर काय मिळतं ते आता बहुतेकांना ठाऊक आहे. बघायचं कसं, एवढंच ठरवायचं असतं: घरी मोबाइल डेटावर, की कॉलेजच्या वायफायवर उतरवून मेमरी कार्डात भरून?

गावात नेट धड चालत असेल तर डेटाच बरा. नवं लेक्चर लगेच बघायला मिळतं, एसटीच्या वेळेशी बांधून राहावं लागत नाही. पण बालाघाटच्या डोंगरातल्या पाटोदा, भूमकडच्या वाड्या-तांड्यांवर लाइट गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही जाते.

एक वेळ तेही सोसता येईल. मला सगळ्यात खटकतं ते निराळंच. नेट मंदावलं की व्हिडिओ आपोआप 144पीवर, म्हणजे अगदी धूसर चित्रावर येतो. आवाज स्वच्छ येत राहतो, त्यामुळे काही बिघडलंय हे ध्यानात येत नाही; फळ्यावरचा घातांक 2 आहे की 3, तेवढं मात्र दिसत नाही. इतिहासाला चालून जातं, गणिताला नाही. वहीत चुकीचं उतरतं, पुढची पायरी जुळत नाही आणि पोरगी समजते, आपल्यालाच गणित येत नाही. अक्षर वाचता येईल असं 480पी पक्कं करून ठेवलं तर चाक फिरत बसतं. म्हणून माझा कल कार्डाकडे.

480पीला तासाचे साधारण 200 ते 300 एमबी धरा. 40 तासांचा कोर्स 8 ते 12 जीबीत बसतो. 64 जीबीच्या कार्डात चार-पाच कोर्स सहज मावतात. यूट्यूब अ‍ॅपमधलं डाउनलोड दुसऱ्या फोनवर देता येत नाही, त्यापेक्षा एनपीटेलच्या साइटवरून एमपी4 फाइल घ्या. नावं 01, 02 अशी द्या, नाहीतर काही फोनांत 1 नंतर 10 लागतं. स्वस्तातल्या 128 जीबी कार्डापासून जपून. बनावट कार्ड आकडा पूर्ण दाखवतं, पण खरी जागा संपली की पुढच्या फायली उघडत नाहीत. घेतल्या दिवशीच काठोकाठ भरा आणि फायली उघडून बघा.

एनपीटेलच्या आठवड्याच्या असाइनमेंटला मुदत असते. तिथे कार्ड कामाचं नाही. रोजचा डेटा त्यासाठी राखून ठेवावा. पान हलकं असतं, पहाटे टॉवरवर गर्दी नसताना पटकन जातं.

फोनला कार्डाची जागाच नसेल तर ओटीजी, म्हणजे थेट फोनला लागणारा पेनड्राइव्ह चालतो. लावूनही दिसला नाही तर आधी सेटिंगमध्ये ओटीजी चालू आहे का बघा. काही फोनांत ते थोड्या वेळाने आपोआप बंद होतं.