बारा इंची जाळी, आठ इंची वूफर

इंदूरच्या रामबागेतल्या एका घरातून हा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणारा स्पीकरचा डबा, दुरुस्तीच्या टेबलावर आला. घेऊन जेमतेम ३ महिने झालेले. किंमत ३२,००० रुपये, पुढे १२ इंचांची काळी जाळी, मागे '१२०० वॅट'चं चकचकीत स्टिकर. आवाज पूर्ण बंद. फ्यूज उडाला असेल अशी घरच्यांची समजूत होती. मागच्या पत्र्याचे ८ स्क्रू काढल्यावर आत जे निघालं ते मापांसकट इथे लिहीत आहोत, कारण असा माल अजून विकला जातो आहे आणि डबा न उघडताही तो ओळखता येतो.

विकणारे पार्किंगमध्ये गाडी लावून भेटले होते. गाडीत दोन खोकी. "भिया, एग्ज़िबिशन का माल है, वापस ले जाने में भाड़ा लगेगा, आधे में ले लो." खोक्यावर ७८,००० रुपये एमआरपी छापलेली, त्यामुळे ३२,००० स्वस्तच वाटले. जवळच्या एका गोदामात नेऊन वाजवून दाखवलं, कच्चं बिल हातात दिलं आणि पैसे एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआय खात्यावर घेतले. खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, उत्पादनाचा महिना-वर्षही नव्हतं. पॅकबंद मालावर या गोष्टी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ज्या खोक्यावर एमआरपी ठळक आणि पत्ता गायब, तिथेच थांबायला हवं होतं.

आता डबा. बाहेरून ४० सेंमी लांब, तेवढाच रुंद आणि उंच. वजन २३ किलो. घरच्यांचा विश्वास बसला तो या वजनामुळे, कारण चांगला सबवूफर जड असतो हे त्यांनी ऐकलं होतं आणि ते खरंही आहे. मोठं मॅग्नेट, मोठा ट्रान्सफॉर्मर, जाड एमडीएफ यांनी वजन वाढतं. इथे मात्र तळाला कोटा फरशीचे दोन तुकडे चिकटवले होते, १ फूट बाय १ फूट, इंचभर जाड, प्रत्येकी ६ किलोचे. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन फरशीचं. डब्याच्या भिंती १२ मिमी पार्टिकल बोर्डच्या, आतून एकही आडवी पट्टी नाही. हे बाहेरून कसं कळावं? डबा एका बाजूने उचलून बघा, मग दुसऱ्या बाजूने. खऱ्या सबवूफरमध्ये वजन वूफरच्या (आतल्या बेसच्या स्पीकरच्या) बाजूला आणि मागच्या अॅम्प्लिफायरकडे ओढतं. सगळा भार तळाशी लागला तर संशय घ्या. मग बाजूच्या भिंतीवर मधोमध बोटाने टकटक करा. जाड, पट्ट्या मारलेला डबा बद्द वाजतो. हा रिकाम्या खोक्यासारखा वाजत होता.

जाळी फ्रेमला गोंदाने बसवली होती. काढल्यावर आत वूफर निघाला ८ इंचांचा. त्याच्याभोवती काळ्या रंगाची लाकडी रिंग लावली होती, जाळीतून पाहणाऱ्याला तीच कोनची (वूफरच्या पुढे-मागे हलणाऱ्या शंकूची) कड वाटावी म्हणून. फरक नुसता ४ इंचांचा नाही. ८ इंची वूफरच्या कोनचं कामाचं क्षेत्रफळ साधारण २१० चौरस सेंमी असतं, १२ इंचीचं ५००च्या आसपास. त्यात या वूफरचा कोन कागदी, पुढे-मागे जेमतेम ३ मिमी सरकणारा. चांगला १२ इंची सहज १० मिमी सरकतो. क्षेत्रफळ गुणिले सरकणं केलं तर एक ६३ घन सेंमी हवा हलवतो आणि दुसरा ५००, म्हणजे ८ पट. खालच्या सुरात हाच फरक सुमारे १८ डेसिबलचा होतो, आणि तो कुठल्याही नॉबने भरून निघत नाही. एक सप्तक खाली गेलं, म्हणजे ६० वरून ३० हर्ट्झला (सेकंदाला ३० कंपनांवर) आलं, की तेवढ्याच आवाजासाठी कोनला ४ पट सरकावं लागतं. लहान कोन तिथे संपतो.

म्हणून दुकानात जाळी काढायला सांगायचीच. बहुतेक डब्यांची जाळी खुंट्यांवर बसवलेली असते, हाताने ओढली की निघते. विकणारा "निघत नाही" म्हणाला तर घेऊ नका. टेप लावून सराउंडच्या (कोनभोवतीच्या लवचिक कडेच्या) गोलाईच्या मध्यापासून समोरच्या मध्यापर्यंत मोजा. १२ इंचीला साधारण २५ सेंमी येतात, ८ इंचीला १६ ते १७. जाळीचं किंवा डब्याचं माप कुणी सांगितलं तर ते ऐकूच नका.

मॅग्नेटवर रबराची टोपी होती, बाहेरून १४ सेंमी व्यासाची. टोपी काढली तर आतली रिंग ९ सेंमीची.

आणि वॅट. आत '१२-०-१२, ३ अँपिअर' लिहिलेला ट्रान्सफॉर्मर होता. २४ व्होल्ट गुणिले ३ म्हणजे ७२. यापेक्षा जास्त वॅट तो सलग देऊच शकत नाही. बोर्डवर टीडीए २०३०च्या दोन आयसी ब्रिजमध्ये, म्हणजे दोघींची ताकद एकाच वूफरला मिळेल अशा, जोडलेल्या. ही जोडी चांगल्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) ३५ वॅटच्या आसपास देते, आणि इथे हीटसिंक म्हणून अॅल्युमिनियमची पातळ पट्टी होती. आयसी वाईट नाही, लहान स्पीकरसाठी उत्तम आहे. फक्त तिच्या नावावर १२०० वॅट विकायचे नाहीत. पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा) म्हणून जो आकडा छापतात त्याला कसलंही ठरलेलं मोजमाप नाही, त्यामुळे तो वाचून उपयोग नसतो. आरएमएस (सलग देता येणारे) वॅट आणि सोबत किती ओहमच्या वूफरवर, एवढंच विचारायचं.

स्टिकर खोटं बोललं तरी मागचा फ्यूज बहुधा खरं सांगतो. या डब्याचा फ्यूज १ अँपिअरचा होता. २३० व्होल्टवर १२०० वॅट काढायचे तर अॅम्प्लिफायर एक वॅटही वाया घालवत नाही असं धरलं तरी ५ अँपिअरहून जास्त लागतात. इथे एक सांभाळून सांगायला हवं: संगीतात आणि सिनेमात जोराचा बेस सलग नसतो आणि हळू उडणारा फ्यूज थोडा वेळ जास्त प्रवाह सोसतो. त्यामुळे ३ किंवा ४ अँपिअरच्या फ्यूजवर ५०० वॅटचा प्रामाणिक अॅम्प्लिफायर चालू शकतो. पण फ्यूज १ चा, दोन पिनांची बारीक वायर आणि दावा हजारच्या वर, हे गणित कुठूनही जुळत नाही.

बंद पडण्याचं कारणही यातच आहे. पोर्टचा (हवा ये-जा करण्याचं भोक असलेला) डबा ६० हर्ट्झच्या आसपास ट्यून झालेला. त्याच्या खाली डब्यातली हवा कोनला आधार देत नाही, कोन मोकाट हलतो. घरी सिनेमातल्या स्फोटांचे २५-३० हर्ट्झचे सूर आले, आवाज कमी वाटला म्हणून नॉब पूर्ण फिरवला गेला, कोनला हलवणारी तारेची कॉइल मॅग्नेटच्या गॅपमध्ये घासून तापली आणि तुटली. मीटर लावल्यावर काहीच रीडिंग नाही. ४ ओहमची धडधाकट कॉइल ३.२ ते ३.६ ओहम दाखवते.

मग गोदामात तो दणदणीत कसा वाजला? डबा कोपऱ्यात ठेवला होता. कोपऱ्याच्या दोन भिंती आणि जमीन बेस उचलून धरतात. गाणं लावलं ते डीजेचं, ज्यातला किक (मोठ्या ड्रमचा ठोका) साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो. त्या पट्ट्यात असा डबा खणखणीत ठोका देतो, आणि छातीवर ठोका बसला की माणूस खूश होतो. विकणाऱ्याच्या पेनड्राइव्हवर सबवूफर कधीही ऐकू नका. स्वतःच्या फोनमध्ये ६०, ४०, ३० आणि २५ हर्ट्झचे टोन घेऊन जा. आधी ६० वाजवा, मग आवाज कमी करून ३०. कमजोर वूफर ३० चा सूर काढू शकत नाही, पण त्याची विकृती ६० आणि ९० वर ऐकू येते. म्हणजे दोन्ही टोन कानाला एकाच उंचीचे लागले, तर डबा ३० वाजवतच नाही. खरा ३० हर्ट्झ कानापेक्षा पायाखाली आणि खुर्चीत जास्त जाणवतो. पोर्टमधून फुसफुस येत असेल तर तोही त्याचा शेवट समजा.

या घराची फसवणूक इथे संपली नव्हती. पहिल्या आठवड्यातच बेस लागत नाही अशी तक्रार केल्यावर 'कॅलिब्रेशन'साठी माणूस आला. त्याने ४,५०० रुपये घेतले आणि वर ३,००० चा एक 'बूस्टर' लावून दिला. ही चूक खऱ्या, महागड्या सबवूफरच्या घरातही होते, म्हणून जरा सविस्तर.

हॉल १४ फूट लांब, १२ फूट रुंद, १० फूट उंच. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, त्याच्या दुप्पट अंतराने वेगाला भागलं की ४० हर्ट्झ येतात. १२ फुटांचे ४७, १० फुटांचे ५६. या सुरांना खोली स्वतः घुमते: भिंतीजवळ फुगतात, मधोमध पडतात. सोफा १४ फुटांच्या बरोबर मध्यावर होता, म्हणजे ४० हर्ट्झच्या खड्ड्यात. तिथे ताकद वाढवून खड्डा भरत नाही, कारण समोरून येणारी आणि मागून परतणारी लाट एकमेकींना खोडतात. दोन्ही वाढवा, दोन्ही तेवढ्याच खोडतात. बूस्टरने वाढली ती घरघर. सोफा दोन फूट मागे सरकवला असता तर बेस परत आला असता, एक पैसा न देता.

जागा शोधायची पद्धत जुनी आहे आणि अजून तिच्यासारखी दुसरी नाही. सबवूफर उचलून सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवा. बेस गिटार चढत-उतरत वाजते असा तुकडा लावा. मग गुडघ्यांवर बसून भिंतीकडेने फिरा, कान सबवूफरच्या उंचीला ठेवून. जिथे सगळे सूर सारख्या जोराने येतात, एखादाच फुगत नाही, तिथे सबवूफर ठेवा. सगळ्यात मोठा आवाज येतो ती जागा निवडायची नाही, तिथे बहुधा एकच सूर घुमत असतो.

जोडणीत कॅलिब्रेशनवाल्याने दोन चुका केल्या होत्या. रिसिव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात) चारही लहान स्पीकर 'लार्ज' ठेवले, त्यामुळे खालचे सूर त्यांच्याकडेच जात राहिले. आणि सबवूफरचा स्वतःचा क्रॉसओव्हर नॉब (कुठल्या सुराखालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणारा) ८० वर ठेवला, रिसिव्हरमध्येही ८०. दोन चाळण्या एकामागे एक लागल्या की ८० च्या आसपासचा आवाज दुपटीने कापला जातो. स्पीकर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर रिसिव्हरमध्ये ८० हर्ट्झ, सबवूफरचा नॉब पूर्ण वर किंवा एलएफईवर, म्हणजे त्याची स्वतःची चाळणी आड येत नाही. वायर रिसिव्हरच्या सब प्री-आउटमधून (सबवूफरसाठीच्या खाचेतून), शिल्ड म्हणजे बाहेरची गुणगुण अडवणारं वेष्टन असलेली.

नंतर सबवूफरचा गेन (आवाजाचा) नॉब मध्यावर ठेवून रिसिव्हरच्या माइकने मोजणी चालवा. सबवूफरची लेव्हल उणे १२ सारखी टोकाला गेली तर गेन कमी करून पुन्हा चालवा. मोजणीत सबवूफरचं अंतर टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा जास्त आलं तर बदलू नका, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा उशीर त्यात धरलेला असतो. मोजणीने स्पीकर पुन्हा 'लार्ज' केले तर मात्र बदला. शेवटी ८० चा टोन लावून सबवूफरचं फेज (त्याची लाट उलटवणारं बटण) ० आणि १८० वर ऐका, सोफ्यावर जिथे मोठा येतो तो ठेवा. हे सगळं घरच्या घरी दोन तासांत होतं. पैसे देऊन करून घ्यायचं असेल तर येणाऱ्याला एवढंच विचारा, 'सोफा कुठे ठेवायचा?' ज्याला हा प्रश्न अवांतर वाटतो त्याला घरात घेऊ नका.

गुणगुण येत असेल तर ती ५० किंवा १०० हर्ट्झची, बहुधा अर्थिंगच्या फेऱ्याची (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाची) असते. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा, थांबली तर उगम तिथे. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवणारे कारागीर आहेत. ते करू देऊ नका, पत्र्याला करंट आला तर जीव जाईल.

बाजारात आणखी तीन प्रकार दिसतात. होम थिएटर सेटमधून सुटा केलेला, अॅम्प्लिफायर नसलेला डबा 'पॉवर्ड' म्हणून विकतात. मागे मेनची वायर आणि आरसीए (सिग्नलच्या वायरची गोल खाच) नसेल तर तो तोच. परदेशातून आलेला जुना नामी डबा स्वस्तात मिळतो आणि मागे फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो थेट २३० ला लावला की पहिल्याच मिनिटात जळतो. तिसरा, जुन्या चांगल्या फ्रेमवर स्वस्त कोन चढवलेला वूफर. कोन दोन्ही अंगठ्यांनी समान दाबा. खरखर लागली किंवा सराउंडच्या कडेला ताजा गोंद दिसला तर सोडून द्या.

पैसे देण्याआधी पक्कं बिल मागा. मध्य प्रदेशातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि २३ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की दुकानाचं नाव दिसतं, ते बिलावरच्या नावाशी जुळलं पाहिजे.

पैसे गेले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकणारा कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत २ वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, कच्ची पावती, खोक्याचे आणि स्टिकरचे फोटो जोडा. डबा उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ घ्या, ज्याने उघडला त्याच्याकडून ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि वूफरची मापं सहीनिशी लिहून घ्या. तक्रार निकाली निघेपर्यंत जाळी, लाकडी रिंग आणि फरशीचे तुकडे यातलं काहीही भंगारात देऊ नका.