मुलांना नदीचा पाणलोट, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी त्या नदीत येतं तो प्रदेश, दाखवायचा तर वेण्णा की कोयना?

दोघी महाबळेश्वरच्या पठारावरच्या, दोघी शेवटी कृष्णेलाच मिळतात. पण स्वभाव वेगळे.

वेण्णा सरळमार्गी. लिंगमळ्याला कड्यावरून उडी घेते, मेढ्याच्या खोऱ्यातून कण्हेर धरणात येते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत शिरते. पाणलोट आटोपशीर; मोटारसायकलवर एका दिवसात उगमापासून संगमापर्यंत पाहून होतो. माहुलीच्या दगडी घाटावर बसलं की दोन्ही प्रवाह समोर.

कोयनेचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. ही सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर थेट दक्षिणेला धावते आणि हेळवाकला एकदम पूर्वेकडे काटकोनात वळते. त्या उभ्या, अरुंद खोऱ्यात पाऊस असा कोसळतो की १०३ मीटर उंच धरणामागे सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. गंमत पुढेच आहे. यातलं बरंचसं पाणी कृष्णेकडे जातच नाही. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून ते कोकणातल्या पोफळीकडे उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. निसर्गाने बंगालच्या उपसागराकडे धाडलेलं पाणी माणसाने उलट फिरवलं! उरलेली कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटते.

पाणलोट म्हणजे काय हे मुलांना दाखवायचं असेल तर मी वेण्णाच निवडेन. कोयनेसाठी आधी नकाशा पसरून बसावं लागतं.